रबरी मासा की जिवंत सुंगट? खाडीत गरी टाकण्याआधी एवढं समजून घ्या

गणपती गेले, पाऊस ओसरला आणि खाडीचं तांबडं पाणी निवळायला लागलं, की सिंधुदुर्गात पुलांवर, जेट्यांवर आणि खारबंधाऱ्यांवर गरवणाऱ्यांची वर्दळ सुरू होते. कर्लीची खाडी असो, कालावल असो, आचरा असो वा तेरेखोल. संध्याकाळची भरती भरू लागली की दहा-पाच जण हमखास उभे दिसतात. त्यांत हल्ली दोन गट लांबूनच ओळखू येतात. एकाच्या हातात लाकडाच्या तुकड्याला गुंडाळलेलं तंगूस आणि पायाशी पाण्याच्या डब्यात वळवळणारी सुंगटं. दुसऱ्याच्या हातात रॉड-रीळ आणि खांद्यावरच्या पिशवीत रबरी माशांची पेटी, बहुतेक वेळा मोबाईलवरून मागवलेली.

दोघांचं एकमेकांबद्दलचं मत काही फार चांगलं नाही. जुन्यांना वाटतं, ही खेळणी दाखवून मासा फसेल कशाला? नव्यांना वाटतं, एका जागी तास-दोन तास बसून राहण्यापेक्षा फिरत फिरत दहा जागा तपासलेल्या बऱ्या. खरं म्हणजे दोघेही आपापल्या ठिकाणी बरोबर आहेत आणि दोघेही चुकीच्या ठिकाणी तेच हत्यार वापरून रिकाम्या हाताने घरी जातात. नवीन मुलांचा तर पैसाही जातो. पाच-सहा पाकिटं, चार जिग हेड, वर कुरिअरचा खर्च, आणि पहिल्या दोन फेऱ्यांत अर्धा माल तिवरांच्या मुळांत अडकून तुटलेला. मग रॉड माळ्यावर जातो.

कुठे काय चालतं, का चालतं, आणि कुठे अजिबात चालत नाही, हे एकदा समजलं की हा खर्च पुष्कळ वाचतो.

मासा जेवण शोधतो कसं?

सगळा निर्णय या एका प्रश्नावर आहे. लुअर घ्यायचा की सुंगट, हे दुकानात ठरवायचं नसतं. कुठला मासा हवा आहे त्यावर ते ठरतं.

चोणक घ्या. रायगडात यालाच जिताडा म्हणतात. हा दबा धरून बसणारा मासा. पुलाचा खांब, बुडालेलं लाकूड, बंधाऱ्याची उघाडी, दगडाचा आडोसा अशा ठिकाणी पाण्याच्या ओढीपासून जरा बाजूला तो उभा राहतो आणि ओढीबरोबर वाहत येणाऱ्या बारक्या मासळीवर आणि सुंगटांवर तोंड टाकतो. तोंड झटक्यात उघडलं की पाण्यासकट भक्ष्य आत ओढलं जातं. हे सगळं क्षणार्धात होतं. वास घेऊन, चाखून, विचार करून खाण्याइतका वेळ तिथे नसतो. डोळ्यांना काहीतरी पळताना दिसलं आणि अंगाला त्याची थरथर जाणवली, की झालं.

थरथर जाणवण्याचं इंद्रिय बहुतेक सगळ्या माशांना असतं. कल्ल्यापासून शेपटीपर्यंत अंगाच्या दोन्ही बाजूंना एक बारीक रेघ दिसते, तीच ती. पाण्यातली हालचाल, कंप, दाब यांतला फरक तिथे कळतो. रबरी माशाची शेपटी पायाच्या पंजासारखी आडवी का केलेली असते, याचं उत्तर इथे आहे. ओढला की ती शेपटी डावी-उजवी फडफडते आणि पाण्यात ठोके उमटतात. म्हणजे वास नसलेला हा प्लॅस्टिकचा तुकडा नजरेला आणि त्या रेघेला, अशा दोन ठिकाणी मासा असल्याचं सांगतो. चोणक, तांबोशी, गोबरा, कोकर, गोड्या पाण्यातली मरळ या शिकारी माशांना तेवढं पुरतं.

आता शिंगाळा घ्या. त्याच्या तोंडाभोवतीच्या मिशांवर चव कळणाऱ्या पेशी असतात. गढूळ पाण्यात, काळोखात, तळाच्या चिखलात तो या मिशांनी चाचपत जातो. त्याच्यासमोर रबरी मासा नाचवणं म्हणजे आंधळ्याला आरसा दाखवणं. बांगड्याचा तुकडा किंवा जरा वास सुटलेलं सुंगट तळाला टाकलं की तो लांबून शोधत येतो. मुडदुशीचं तोंड बारीक. ती पुळणीजवळच्या वाळूतले किडे आणि बारीक सुंगटं टिपत फिरते. तिला बारीक गरीवर सोललेल्या सुंगटाचा नखाएवढा तुकडा किंवा समुद्रकिडा लागतो. शेवटे आणि काळुंदर यांची तर गोष्टच वेगळी. शेवटे चिखलावरचं शेवाळ आणि कुजका गाळ चाटून जगतात, काळुंदर शेवाळ खाते आणि बारीक किडेही टिपते. यांना पिठाची गोळी, पाव किंवा गांडूळ. लुअर नेला तर दिवसभर पाण्यात उड्या मारणारे शेवटे बघत बसावं लागेल, आणि ते चिडवल्यासारखे अगदी समोरच उड्या मारतात.

रावस मधला आहे. त्याच्या गळ्याखाली लांब तंतू असतात, त्यांनी तो गढूळ पाण्यात चाचपतो. पण पाणी निवळ असलं तर पळत्या रबरी माशामागेही धावतो. सुंगट मात्र तो सहसा सोडत नाही.

पाण्याचा रंग बघा, मग पिशवी उघडा

मासा ठरला तरी त्या दिवशीचं पाणी काय म्हणतंय ते बघावं लागतं.

अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याची चढ-उतार मोठी असते. पाणी जोरात शिरतं, जोरात निघतं आणि तळाचा गाळ ढवळून काढतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा पाणी कमी हलतं आणि निवळ राहतं. जुनी माणसं तिथीची पाऊणपट करून पूर्ण भरतीची वेळ काढतात: अष्टमीला आठाचे पाऊण सहा, म्हणजे साधारण सहाच्या सुमारास. खाडीत जसजसं आत जाल तसतशी वेळ पुढे सरकते, आणि रोज ती जवळपास पाऊण-एक तास उशिरा येते. मोबाईलवर भरतीचं कोष्टक मिळतं, पण हा हिशोब नेटवर्क नसलेल्या ठिकाणी अजूनही उपयोगी पडतो.

उधाणाला पाण्याचा रंग चहासारखा झालेला असेल तर लुअर पिशवीतच ठेवलेला बरा. हात बुडवला आणि कोपरापर्यंत बोटं दिसेनाशी झाली, तर माशालाही रबरी मासा जवळ येईपर्यंत दिसणार नाही. अशा पाण्यात वास लांब जातो. शिसं लावून सुंगट किंवा तारलीचा तुकडा ओढीच्या कडेला ठेवायचा आणि मासा येण्याची वाट बघायची. लुअर वापरायचाच झाला तर गडद रंगाचा, जाड शेपटीचा आणि अगदी हळू.

पाणी निवळ असेल, निदान हातभर खोलीपर्यंत दिसत असेल, तर मात्र रबरी माशाला संधी आहे. त्यातही सुकती सुरू झाल्यानंतरचा पहिला दीड-दोन तास चोणकासाठी चांगला मानतात. भरतीला तिवरांच्या मुळांत शिरलेली बारीक मासळी पाणी उतरू लागलं की बाहेर पडते आणि व्हाळांच्या तोंडाशी, उघाडीच्या खाली शिकारी मासे तिची वाट अडवून उभे असतात. तिथे सुंगट लावून बसणारा एका जागी अडकतो. लुअरवाला मात्र तासाभरात चार व्हाळांची तोंडं फिरून येतो. मासे कुठे आहेत हे माहीत नसताना शोधायला लुअर, आणि सापडल्यावर धरायला सुंगट, असं करणारेही काही जण आहेत. हीच पद्धत सर्वांत शहाणपणाची म्हणावी लागेल.

भर पावसात, नद्या लाल होऊन वाहत असताना, खाडीत रबरी मासा नेण्यात अर्थ नाही. गांडूळ आणि वासाचं आमिष, बस्स. आणि पावसाळ्यात कातळांवर उभं राहून गरवू नये. लाट सांगून येत नाही.

रबरी मासा चालवायचा कसा?

लुअर न चालण्याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे तो सरळ फेकून सरळ ओढला जातो. सुंगट आपलं आपण हलतं, वास सोडतं. रबर काहीच करत नाही. त्यात जीव घालायचं काम माणसाच्या मनगटाचं.

आधी जोडणी. जिग हेड म्हणजे शिशाची गोळी डोक्याशी असलेली गरी. खाडीच्या उथळ भागात पाच ते दहा ग्रॅमचं डोकं पुरतं. पुलाखाली किंवा मुखाशी ओढ जोरात असेल तर पंधरा-वीस ग्रॅम लागतं. नियम सोपा: लुअर तळाला टेकलेला हाताला कळला पाहिजे. कळत नसेल तर वजन कमी आहे, आणि दगडासारखा आपटत असेल तर जास्त. रबरी मासा गरीवर अगदी मधोमध, सरळ ओवायचा. जरा वाकडा झाला तर तो पाण्यात गिरक्या घेतो, तंगुसाला पीळ बसतो आणि मासा फिरकत नाही. ओवण्याआधी मासा गरीच्या बाजूला धरून टोक कुठे बाहेर येईल तिथे नखाने खूण करायची, म्हणजे वाकडं जात नाही. सुरुवातीला तीन-चार इंचांचा मासा घ्यावा.

फेकल्यावर तळाला जाऊ द्यायचा. मग रॉडचं टोक दोनदा उचलायचं, की लुअर तळापासून फूट-दोन फूट वर उडी मारतो. पुन्हा पडू द्यायचा, तेवढ्यात ढिलं झालेलं तंगूस रिळावर घ्यायचं. उचल, पडू दे, गुंडाळ. जखमी मासा असाच धडपडत वर येतो आणि खाली जातो. बहुतेक वेळा मासा लागतो तो लुअर खाली पडताना, ओढताना नाही. म्हणून पडताना तंगूस नुसतं सैल सोडून चालत नाही. किंचित ताणात ठेवावं आणि डोळा त्यावर असावा. पडता पडता तंगूस मध्येच थांबलं, बाजूला सरकलं किंवा हाताला ‘टक्’ असं जाणवलं तर लगेच रॉड वर. इथे थांबून चालत नाही. प्लॅस्टिक चावल्याचं माशाला लगेच कळतं आणि तो थुंकून टाकतो. वासाची, मिठाची जी रबरं मिळतात ती मासा क्षणभर जास्त धरून ठेवतो असं म्हणतात; तो क्षण कामाचा असला तरी रॉड उचलायला उशीर करण्याची सवलत त्यातून मिळत नाही.

रंगांवर खूप चर्चा चालते. निवळ पाण्यात खऱ्या मासळीसारखा, गढुळात गडद किंवा अगदी भडक, इतकं लक्षात ठेवलं तरी भागतं. पेटीतले उरलेले वीस रंग माशापेक्षा माणसाला पकडण्यासाठी जास्त बनवलेले असतात.

लीडर मात्र विसरू नये. चोणकाच्या गालाची कड ब्लेडसारखी असते आणि तांबोशीचे दात सुळ्यासारखे. बारीक दोरीच्या पुढे हात-दीड हात जाड तंगूस बांधलं नाही तर मासा आणि लुअर दोन्ही जातात. तांबोशी लागल्या लागल्या मुळांत घुसते. तिला पहिल्या काही सेकंदांत बाहेर ओढली नाही तर पुढे ओढण्यासारखं काही राहत नाही. मोठा चोणक हातात घेताना बोटं गालाच्या कडेखाली घालू नयेत. शिंगाळ्याच्या पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंचा काटा विषारी असतो. टोचला तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवला की वेदना कमी होतात, आणि मग दवाखाना गाठावा.

सुंगट लावण्यातही कसब आहे

जिवंत सुंगट हे खाडीतलं सर्वांत खात्रीचं आमिष, यावर दोन्ही गटांचं एकमत होईल. चोणक, तांबोशी, रावस, पालू, गोबरा, सगळे ते खातात. पण मेलेलं सुंगट आणि जिवंत सुंगट यांत मोठा फरक पडतो, आणि चुकीच्या जागी गरी घातली की जिवंतचं मेलेलं व्हायला वेळ लागत नाही. सुंगटाच्या डोक्यात काळा डाग दिसतो, तिथे गरी लागली की ते मरतं. डोक्यावरच्या करवतीसारख्या काट्याखालून, त्या डागाच्या पुढून गरी आडवी काढावी, किंवा शेपटीच्या शेवटच्या पेरातून. मग ते बराच वेळ पोहत राहतं. डब्यातलं पाणी उन्हात तापू देऊ नये. ओल्या गोणपाटात किंवा तिवराच्या ओल्या पानांत ठेवलेली सुंगटंही काही वेळ तग धरतात.

ताजं न मिळाल्यास सोललेल्या सुंगटाला किंवा बांगड्याच्या पट्टीला खडं मीठ चोळून रात्रभर ठेवतात. मांस घट्ट होतं आणि गरीवरून लवकर निसटत नाही. हे कशासाठी, ते केंड आणि कुर्ल्या असलेल्या खाडीत एकदा गरवलं की कळतं. आमिष टाकलं, टक्-टक् झालं, ओढलं तर गरी स्वच्छ. केंड रबरी माशालाही सोडत नाही. शेपटी अर्धचंद्रासारखी कुरतडून नेतो. सलग दोन लुअरांच्या शेपट्या गेल्या तर जागा बदलावी, नाहीतर पाकीट रिकामं होतं.

आमिषाला मासा लागला की लगेच हिसका मारायचा नाही. तो चाखतो, फिरवतो, मग घेऊन निघतो. निघाला की रॉड उचलायचा. लुअर आणि आमिष यांत हात नेमका इथे चुकतो: एका पद्धतीची सवय दुसऱ्या पद्धतीत नडते.

खिशाचं गणित

रबरी माशांच्या पाकिटाला ब्रँडप्रमाणे काही शे रुपये पडतात आणि त्यात चार ते दहा नग असतात. वर जिग हेड वेगळे. अडकून तुटण्याचं प्रमाण पहिल्या हंगामात जास्तच असतं, कारण तळ ओळखीचा नसतो. सुंगटं आपली आपण पागून किंवा छोट्या जाळीने धरणाऱ्याला आमिष फुकट पडतं, आणि मासा न मिळाल्यास उरलेल्या सुंगटांचं कालवण होतं. लुअरचं होत नाही.

दुसऱ्या बाजूने, रबर खराब होत नाही. सुट्टीला दोन दिवस मुंबईहून आलेल्याला सकाळी उठून आमिष शोधत फिरावं लागत नाही. पेटी उचलली की निघाला. घर खाडीला लागून आणि सुंगटं हाताशी असतील तर सुरुवात आमिषानेच करावी, आणि महिन्यातून एखादीच फेरी होत असेल तर दोन पाकिटं लुअर परवडतात. त्याहून जास्त घ्यायची गरज पहिल्या वर्षी तरी नाही.

पेटीबाबत एक बारकावा, जो दुकानदार सहसा सांगत नाहीत. बहुतेक रबरी मासे पीव्हीसी मऊ करून बनवलेले असतात. काही ब्रँडचे मात्र वेगळ्या, जास्त ताणल्या जाणाऱ्या प्लॅस्टिकचे असतात. हे दोन प्रकार एकाच कप्प्यात ठेवले की काही दिवसांत विरघळून त्यांचा चिकट गोळा होतो. ज्या पाकिटात आले त्यातच ठेवावेत. गाडीत उन्हाने शेपटी वाकडी झाली असेल तर गरम पाण्यात बुडवून सरळ करता येते.

लहान मासा वाचवायचा असेल तर

इथे रबरी माशाची बाजू खरोखर वरचढ आहे. आमिष मासा गिळतो. वाट बघण्यात थोडा उशीर झाला की गरी घशाच्या आत जाते. लुअर तो गिळेपर्यंत थांबत नाही. गरी बहुतेक वेळा ओठाला किंवा जबड्याच्या कोपऱ्याला लागते. घशात गरी गेलेले मासे सोडल्यावर मरण्याचं प्रमाण जास्त असतं, हे जगभर अनेक माशांवर तपासून झालेलं आहे. म्हणजे लहान मासा लागला आणि सोडून द्यायचा ठरवला, तर लुअरवर लागलेला जगण्याची शक्यता जास्त.

आणि खाडीत लहान मासाच जास्त लागतो. तांबोशीचं उदाहरण बघा. ती लहानपणीची काही वर्षं तिवरांत आणि खाडीत काढते आणि वयात आली की बाहेर समुद्रातल्या खडकांकडे जाते, तिथे अंडी घालते. याचा अर्थ खाडीत गरीला लागणारी तांबोशी बहुतेक वेळा एकदाही अंडी न घातलेली असते. चोणकाचं आणखी निराळं. तो आधी नर असतो. काही वर्षं नर म्हणून जगतो आणि पुढे मोठा झाल्यावर त्याचीच मादी होते. त्यामुळे फोटोत मिरवला जाणारा खूप मोठा चोणक बहुधा मादी, लाखोंनी अंडी घालणारी. पावसाळ्यात हे मासे अंडी घालायला खाडीच्या मुखाकडे उतरतात. वीतभर चोणक पिशवीत टाकणारा पुढच्या काही वर्षांचे नर आणि त्यानंतरच्या माद्या, दोन्ही एकदम उचलतो.

राज्य सरकारने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकारमान ठरवून दिलं. पापलेटसाठी ते १३५ मिलिमीटर आहे. हा नियम मुख्यतः जाळ्याने धरून बाजारात येणाऱ्या मासळीसाठी. गरवणाऱ्याच्या पिशवीत कोणी पट्टी घेऊन डोकावत नाही. पण खाडी छोटी आहे आणि गरवणारे वाढताहेत.

आमिषाने गरवणाऱ्यांनाही उपाय आहे. टोक आत वळलेली गोल गरी मिळते, तिला सर्कल हुक म्हणतात. मासा आमिष घेऊन निघाला की हिसका न मारता फक्त रीळ गुंडाळायचं. गरी घशातून सरकत येऊन जबड्याच्या कोपऱ्याला अडकते. गरी खोल गेलीच असेल तर ती उपटून काढण्यापेक्षा तंगूस तोंडाजवळ कापून मासा पाण्यात सोडावा, त्याला जगायची जास्त संधी मिळते. हात ओले करून धरावा, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो.

रबराचीही काळी बाजू आहेच. फाटका लुअर काढून पाण्यात भिरकावणारे खूप दिसतात. तो कुजत नाही. मासा तो गिळतो, तो पोटात पडून राहतो. अमेरिकेत ट्राउट माशांना असे तुकडे खायला मिळाल्यावर त्यांचं वजन घटल्याचं अभ्यासात दिसलं आहे. तुटलेलं तंगूस तर त्याहून वाईट. बगळ्यांच्या पायांत आणि कासवांच्या गळ्यात ते अडकतं. एक छोटी बरणी पिशवीत ठेवली की फाटके लुअर आणि तुकडे त्यात जातात.

तळी, धरणं आणि मरळ

कुडाळ, सावंतवाडी, दोडामार्गकडच्या मंडळींचा प्रश्न वेगळा. तिथे तळ्यांत, बंधाऱ्यांत आणि धरणांत रोहू-कटला आणि मरळ. रोहू-कटल्याला पिठाचा गोळा, लुअर नाही. मरळीला मात्र लुअरच भारी. ती पाणवेलीच्या, कमळाच्या पानांखाली असते. तिथे उघडी गरी टाकली की पानंच वर येतात. गरी पाठीत लपलेला रबरी बेडूक त्या पानांवरून टुणटुण आणता येतो आणि मरळ खालून पान फोडून तो धरते. तिने धरल्यावर मनात एक-दोन मोजून मगच रॉड ओढायचा.

पूर्वी मरळीला जिवंत बेडूक लावत. मोठा बेडूक वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो, आणि भातशेतातले किडे खाणारा तोच आहे. रबरी बेडूक असताना त्याला गरीला लावायचं कारण उरत नाही. जिवंत चिलापी आमिष म्हणून एका तळ्यातून दुसऱ्यात नेणंही टाळावं. निसटली तर ते तळं तिचंच होतं.

पावसाळ्यात मरळीची पिल्लं तांबड्या ढगासारखी एकत्र पाण्यावर दिसतात आणि खाली आई-बाप राखण करत असतात. त्या ढगाजवळ काहीही पडलं तरी मोठी मरळ तुटून पडते, भुकेने नव्हे तर रागाने. गरवणाऱ्यांना हे माहीत असतं, म्हणून तिथेच लुअर टाकला जातो. आई-बाप गेले की तासाभरात बाकीचे मासे तो सगळा ढग खाऊन टाकतात. पिल्लं दिसली की पुढच्या तळ्याकडे जावं.

तळी आणि धरणं बहुतेक ठिकाणी मच्छिमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असतात आणि बीजही त्यांनी सोडलेलं असतं, त्यामुळे आधी विचारून, पास असेल तर तो घेऊनच उतरावं. मालवणात किल्ल्याभोवतीचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तिथे गरवण्याआधी कुठला भाग वर्ज्य आहे ते मत्स्यव्यवसाय किंवा वनविभागाच्या कार्यालयात विचारून घ्यावं, रॉड-रीळ असो वा हातातलं तंगूस.